वहिनीचा मिक्स

माझ्या वहिनीला नुसतं 'छान आहे' म्हणून मोकळं होता येत नाही. नवा पडदा दाखवला की ती आधी त्याची उलटी बाजू बघते. दादाने एकदा हौसेने स्वयंपाकघर स्वतः रंगवलं, तर हिने आत पाऊल टाकल्या टाकल्या नळामागची वीतभर राहून गेलेली जागा दाखवली. दादा दोन दिवस तोंड फुगवून होता. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने ब्रश घेऊन नळामागे वाकला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाण्याचे मीटर तपासत घरोघर फिरतो आणि एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायचं आता लोकांनीही सोडून दिलंय. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत 'हे स्पष्ट की आधीचं?' असं विचारायचं, हे माझं काम. तिथे एकाच माणसाला दहा वेळा विचारतानाही माझ्या आवाजातून मध टपकत असतो. घरी येईपर्यंत तो संपतो. हे मी नाही, वहिनी म्हणते, आणि ती म्हणते ते सहसा खोटं नसतं.

घरी आले की मी माझ्या खोलीत मिक्स करत बसते. तबकड्या वाजवायची दोन जुनी यंत्रं आणि त्यांच्यामध्ये सरकत्या बटणांची एक पेटी, एवढाच पसारा. एका यंत्रावरचं गाणं संपत आलं की दुसऱ्यावरचं हळूच आत आणायचं, ठेक्यावर ठेका बसवायचा, आणि पहिलं कधी गेलं ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. अशी दहा-बारा गाणी ओवली की पाऊण तासाचा मिक्स होतो. गाणी सगळी सोलची, जुन्या अमेरिकन गायकांची. सोल म्हणजे चर्चमधून बाहेर पडून प्रेमात पडलेलं गाणं, असं मिक्स ऐकणाऱ्यांच्या आमच्या मंडळातले मास्तर म्हणतात. मला एवढंच कळतं, की ती माणसं गाताना लाजत नाहीत. रडायचं तर रडतात, विनवायचं तर गुडघे टेकून विनवतात, आणि मागे ड्रमवाला मात्र शांतपणे आपला ठेका धरून बसलेला असतो.

वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपडेखोलीत शिवणकाम करते. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या वेळचे हिरवे झगे, सगळं धुऊन तिच्याकडे गाठोड्यांनी येतं. ती चादर खिडकीसमोर धरते, जिथून उजेड येईल तिथे ठिगळ लावते, आणि मग ठिगळाच्या कडेवरून पालथी मूठ फिरवून बघते. आजारी माणसाच्या पाठीला शिवण टोचता कामा नये, हा तिचा नियम. दोन वाजता तिची पाळी सुटते. घरी आल्यावरही ती शेजारपाजारचं काहीबाही शिवत असते. तिचं मशीन आणि माझी यंत्रं यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे.

एका संध्याकाळी ते मशीन मध्येच थांबलं. वहिनी तोंडात टाचणी धरून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "इथे जोड दिसतोय."

"कुठे?"

"आत्ता. दुसरं गाणं आलं तिथे. गुळगुळीत नाही वाटत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिला गाण्यातले निम्मे शब्द कळत नाहीत ती मला जोड शिकवणार. पण ती गेल्यावर मी ती जागा पुन्हा ऐकली, आणि ठेका खरंच केसभर पुढे-मागे होता. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं मशीन थांबलं की माझा हात बटणावर थांबायचा. "ही बाई गाते चांगली, पण तिच्या आधीचा तो बुवा फार किंचाळतो, तिला जागाच ठेवत नाही." "हे गाणं दोन गाण्यांआधी यायला हवं होतं." मी फणकारायची, दार लावून घ्यायची, आणि मग गुपचूप तसंच करून बघायची. दहातल्या आठ वेळा तिचं बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा मी तिला आवर्जून ऐकवायची.

आमचं मंडळ नऊ जणांचं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला मास्तरांकडे जमतो. मास्तर गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे आमच्या बैठकीच्या भिंतींवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आहेत. पद्धत अशी, की ज्याला मिक्स ऐकवायचा असेल त्याने तो पेन ड्राइव्हवर घालून, नाव न लिहिता, बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. मास्तर त्यातून एक काढतात. सगळ्यांनी न बोलता ऐकायचं आणि मग ओळीने एकेकाने अभिप्राय द्यायचा. ज्याचा मिक्स असेल त्यानेही, आपला नसल्यासारखा. शेवटी वाटलं तर आपला म्हणून सांगायचं, नाहीतर गप्प राहायचं. मास्तरांचं म्हणणं असं, की नाव कळलं की माणसं मिक्स सोडून माणसाबद्दल बोलायला लागतात.

वहिनी तिथे पहिल्यांदा आली ती मी घरी विसरलेला हेडफोन द्यायला. मास्तरांनी तिला बसवून घेतलं, शेवटी तिलाही विचारलं, आणि तिने दोन वाक्यांत अशी नस पकडली की वायरमन आपली वही काढून लिहून घ्यायला लागला. हा वायरमन आमच्यातला सगळ्यात हुशार. त्याने वही काढली म्हणजे मान मिळाला असं आम्ही धरतो. पुढच्या महिन्यापासून वहिनी नेमाने यायला लागली. स्वतः मात्र डब्यात कधी काही टाकायची नाही. मी तिला चिडवायची, की दुसऱ्याच्या घरातला केर दिसायला डोळे लागतात, झाडायला हात लागतात. ती हसायची.

गेल्या वर्षी एका रविवारी डब्यातून एक मिक्स निघाला, आणि तो ऐकताना मला राग यायला लागला. त्यात एकही गाणं मध्ये तोडलेलं नव्हतं. प्रत्येक गाणं पार संपेपर्यंत, तबकडीची खरखर ऐकू येईपर्यंत चालायचं. मग दोन सेकंद काहीच नाही, आणि मग पुढचं धाडकन सुरू, एकदा बारीक तर एकदा कान फुटेल इतकं मोठं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी हातचं काही राखलं नाही.

"हा मिक्सच नाही," मी म्हणाले. "ही गाण्यांची यादी आहे. ज्याने केलाय त्याने यंत्र चालू ठेवलं आणि आंघोळीला गेला. परत येऊन तबकडी बदलली, मग बहुतेक जेवायला गेला."

सगळे हसले. मास्तरसुद्धा हसले. कुणी हसलं की मला चेव चढतो, म्हणून मी आणखी दोन वाक्यं टाकली, ती इथे लिहायला मला आवडणार नाही. माझ्यानंतर वहिनीची पाळी होती. तिने मांडीवरची पिशवी नीट केली आणि म्हणाली, "ही म्हणतेय ते बरोबर असेल." तिचा इतका छोटा अभिप्राय आम्ही कधी ऐकला नव्हता. शेवटी कोणीच आपला म्हणून हात वर केला नाही.

घरी येताना सगळ्या रस्ताभर मी त्याच मिक्सची टर उडवत होते. आमच्यातल्या प्लंबरचाच असणार, त्याला तेवढंच जमतं, असं माझं चाललं होतं. आमच्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, वहिनीने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझा होता," ती म्हणाली.

मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. मग माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "मग आधी सांगायचंस ना मला."

"सांगितलं असतं तर काय बोलली असतीस?"

ती पुढे झाली, कुलूप उघडून आत गेली आणि भाजी निवडायला बसली. नंतर हळूहळू कळलं, की पाळी सुटल्यावर, मी दुकानात असताना, तीन आठवडे ती माझ्या खोलीत बसून तो मिक्स करत होती. तबकडीला बोट लागू नये म्हणून हातात जुने सुती मोजे घालायची. यंत्रावर मला कधी धुळीचा कणही दिसला नव्हता, आणि मी समजत होते की माझी खोली आपोआपच स्वच्छ राहते.

त्यानंतर भिंतीपलीकडचं मशीन थांबेनासं झालं. मी मुद्दाम ठेका चुकवून बघितला. एकदा एका गाण्यावर दुसरं इतकं वाकडं बसवलं, की दादानेसुद्धा आतून विचारलं, काही पडलं का. वहिनीचं मशीन आपलं चालूच. शेवटी मी स्वतः जाऊन विचारलं, "कसा वाटला?"

"छान आहे," वहिनी म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या. पण ती रागावलीही नव्हती. चहा वेळेवर मिळत होता, माझ्या झग्याचं सुटलेलं बटण न सांगता लागत होतं. फक्त तिने मला तिचा कान देणं बंद केलं होतं, आणि त्या कानाशिवाय माझं काही खरं नाही हे मला तेव्हा कळलं. नुसत्या मिक्सचंच मी बोलत नाही. ती या घरात आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बावीस वर्षांत मला खरं सांगणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग मी दुसरी चूक केली. एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, तिघं जेवायला बसलो होतो. मी म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का, तो तुझा मिक्स तसा मला आवडला होता."

तिने चमचा खाली ठेवला. "आता खोटं बोलू नकोस. चारचौघांत फाडलास, ते परवडलं."

"मग सगळी गाणी अशी शेवटपर्यंत का ठेवलीस ते तरी सांग."

"कारण शेवटी..."

"शेवटी लोकांचं लक्ष उडतं, वहिनी. म्हणून तर आपण..."

"तिला बोलू दे की जरा," दादा म्हणाला. त्याच्या लेखी गाणं म्हणजे बातम्यांच्या आधी वाजतं ते. पण त्या दिवशी तो जेवायचा थांबून बायकोकडे बघत होता.

वहिनी ताटाकडे बघतच बोलायला लागली. "हे बघ, कडवी असतात तोवर ती बाई लिहून दिलेलं गाते. कडवी संपली की मागचे लोक तेच तेच म्हणत राहतात, आणि मग ती एकटी काहीतरी बोलायला लागते. ते कोणी लिहून दिलेलं नसतं. कधी नुसतं नाही, नाही म्हणते. कधी कुणाला तरी हाक मारते. इकडे आवाज कमी कमी करत नेतात, तरी ती बोलतच असते. आणि नेमकी तिथेच तू दुसरं गाणं आणून ठेवतेस. मला दर वेळी भिंतीपलीकडून वाटतं, अगं थांब, तिचं अजून व्हायचंय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगायला लागले होते," ती म्हणाली. "तू मध्येच बोललीस."

दादाने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला. जेवण झाल्यावर मी खोलीत गेले आणि माझ्याकडची सगळ्यात झिजलेली तबकडी लावली. ते गाणं मी निदान शंभर मिक्समध्ये वापरलं असेल आणि तिसऱ्या मिनिटानंतर कधीच ऐकलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटानंतर त्या बाईने गाणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. ती कुणाला तरी समजावत होती, मग भांडत होती, मग स्वतःशीच हसली. आवाज विरत गेला तेव्हाही तिचं वाक्य अर्धं होतं. मी खुर्चीत बसून रडले. त्या बाईसाठी थोडी आणि बाकीची वहिनीसाठी. घरात तिची किती वाक्यं मी अशी मध्येच तोडली असतील, त्याचा हिशोब लागणार नव्हता.

संध्याकाळी मी तिच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. "दुसरा मिक्स कर," मी म्हणाले.

"करीन. पण डब्यातून निघाला की खरं बोलायचं."

"बोलेन."

"नीट ऐक आधी. माझा आहे हे ओळखून गोड बोललीस, तर मी तुझ्या यंत्रांना पुन्हा हात लावणार नाही. तुला पुन्हा काही सांगणारही नाही. आपली 'छान आहे, छान आहे' करत राहू दोघी." तिने कापड फिरवून घेतलं. "तू म्हणालीस त्यातलं आवाजाचं खरं होतं. आणि ती मधली शांतता पण वाईट होती. ते कसं करायचं तेवढं दाखव."

मग मंडळाचा रविवार सोडून इतर सुट्ट्यांना मी तिला बटण सरकवायला शिकवलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं आणि मी ते तिला सांगितलं. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी म्हणाले, "हे खरं आहे गं." तेव्हा कुठे तिने मान डोलावली. मिक्स कधी केला, त्यात काय घातलं, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चार महिन्यांनी मास्तरांनी डब्यात हात घातला, आणि पहिलं गाणं संपायला आलं तेव्हाच मी ओळखलं. गाणारी बाई शेवटचं आपल्या मनाचं बोलत होती. तिला कुणी हात लावला नव्हता. पण तिच्या बोलण्याखाली, अगदी खाली, पुढच्या गाण्याचा नुसता ड्रम येऊन थांबला होता, दाराशी कुणी वाट बघत उभं असावं तसा. तिचं बोलणं संपलं, आणि मगच तो आत आला. वायरमनने वही काढली. इतकी वर्षं मी ज्याला जोड म्हणत आले होते ते सगळं मला त्या मिनिटात कच्चं वाटलं, आणि मला वहिनीचा इतका अभिमान वाटला की मी मांडीवरचे हात घट्ट धरून ठेवले.

सातवं गाणं सुरू झालं आणि मी दचकले. ते शिट्टीने सुरू होणारं एक उडतं गाणं आहे. माझं अत्यंत आवडतं. मी ते इतक्या वेळा लावते, की दादा शिट्टी ऐकली की उठून दार लावून घेतो. वहिनीला ते मनापासून आवडत नाही, हेही मला माहीत आहे. सहावं गाणं एका विधवेचं होतं, आठवं एका बापाचं, आणि त्या दोघांच्या मध्ये ही शिट्टी. सगळ्या खोलीचा जीव सहाव्या गाण्यात होता, आणि शिट्टी वाजल्याबरोबर प्लंबरचा पाय हलायला लागला. ते गाणं तिथे कुणासाठी आलंय हे कळायला मला एक क्षणही लागला नाही.

अभिप्राय सुरू झाले. प्लंबर म्हणाला, मिक्स चांगला आहे, पण शेवट फार लांबतात, ते निम्मे करावेत. वायरमन जोडांबद्दल बोलला आणि बोलताना दोनदा थांबला, जे तो कधी करत नाही. मग माझी पाळी आली. माझ्या शेजारी वहिनी समोरच्या तक्त्यावरची वळणाची खूण बघत बसली होती. मी तेवढ्या गाण्याबद्दल मूग गिळून बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. तिने माझ्यासाठी जीव लावून ठेवलेली गोष्ट मी चारचौघांत दुसऱ्यांदा मोडायची, हे माझ्याने होईना. आणि गप्प बसले, तर तिने ते ओळखलं असतं, हेही तितकंच खरं होतं.

"आत्तापर्यंत इथे ऐकलेला हा सगळ्यात चांगला मिक्स आहे," मी म्हणाले. "पण सातवं गाणं काढायला हवं. ते गाणं मला फार आवडतं. ज्याने घातलंय त्याने प्रेमाने घातलंय हे कळतं. पण सहाव्या गाण्यातल्या बाईचं दुःख अजून खोलीत असतं, आणि हे गाणं त्याच्यावर पाय देतं. काढा ते."

मी शेजारी बघू शकले नाही. मास्तर म्हणाले, "पुढे कोण?" पुढे वहिनी होती.

"काढते," वहिनी म्हणाली.

मास्तर चष्म्यावरून बघायला लागले. "अहो, असं आधी सांगायचं नसतं. सगळ्यांचं झाल्यावर..."

"माझं होऊ दे मास्तर," वहिनी म्हणाली, आणि मास्तर गप्प बसले. "मिक्स माझा आहे. ते शिट्टीचं गाणं मलाही तिथे नकोच होतं. हिचं मन राखायला घातलं. पण शेवट मी एकाचाही कापणार नाही. प्लंबरदादांना लांब वाटले तर वाटू देत. का कापणार नाही, ते सांगते." आणि ती सांगायला लागली. सावकाश, आठवून आठवून, मध्ये थांबत, मागचं पुन्हा उचलत. तिला चांगली दहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ आम्ही आठही जण ऐकत होतो.

बावीस वर्षं ती आमच्या घरात सगळ्यांची मनं राखत आली. माझं मन राखायला घातलेली एक गोष्ट तिने त्या दिवशी पहिल्यांदाच काढून टाकली, आणि बोलता बोलता टेबलाखाली माझा हात हातात घेतला.